सारवणात रुतलेला दगड

१

डोंगरमाथ्यावरचा बिरोबाचा चांदीचा मुखवटा यात्रेच्या आदल्या संध्याकाळी नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला सत्यशीला एस.टी.तून उतरली, तोवर टाकळवाडीनं चोर ठरवूनसुद्धा टाकला होता. चोरानं कबूल व्हायचं तेवढं राहिलं होतं.

"केरबानं नेला, अक्का," तिच्या हातातली बॅग घेत रामप्रसाद म्हणाला. "दुसरं कोण नेणार? देव त्याच्याच ताब्यात होता."

रामप्रसाद तिचा धाकटा भाऊ आणि गावचा सरपंच. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि सत्यशीला चौदाची. वेणी घालायच्या वयात तिनं त्याला कडेवर घेऊन वाढवला. पुढं ती भूमी अभिलेख खात्यात लागली, पस्तीस वर्षं लोकांच्या बांधांची मोजणी केली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या घरात बसली. बसली म्हणायचं आपलं. निवृत्तीपासून बाईंना दहा मिनिटं एका जागी टेकणं जमत नव्हतं. गॅलरीत जा, परत ये, कपाट उघड, लाव. सून कंटाळली होती. यात्रेचं निमित्त आलं तेव्हा दोघींनाही हायसं वाटलं.

"आणि केरबा काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही, तेच तर. बेलभंडार उचलून शपथ घ्यायला तयार नाही. रात्री त्याच्या लोकरीच्या गाठोड्यात मुखवट्याचं लाल फडकं सापडलं. मी स्वतः काढलं, सगळ्यांसमोर."

 केरबाला सत्यशीला लहानपणापासून ओळखत होती. मेंढरं राखणाऱ्या त्या घराकडं पिढ्यान् पिढ्या मुखवट्याचा मान होता. यात्रेच्या आदल्या दिवशी केरबानं मुखवटा डोक्यावर घेऊन माथ्यावर न्यायचा, रात्रभर राखायचा आणि सकाळी गाव वर चढायचं. मानाबरोबर वाटही होती. सत्यशीलेच्या माहेरच्या रानातून डोंगरावर जाणारी ती एकच चढण. मान ज्याचा, त्याची मेंढरं त्या वाटेनं चरायला जाणार, असं गावानं कधीकाळी ठरवून ठेवलं होतं.

"आज चारला पारावर बैठक आहे," रामप्रसाद म्हणाला. "शपथ घेतली तर ठीक. नाही घेतली तर मान काढून घ्यायचा. मान गेला की वाट गेली."

"तीनशे मेंढरं घेऊन तो जाईल कुठं?"

"ते त्यानं आधी बघायचं होतं."

घराजवळ आल्यावर कॉम्प्रेसरचा धडधडाट कानावर आला. अंगणाच्या कडेला ओल्या मुरमाचा आणि दगडांचा ढीग पडला होता. "नवी विहीर घेतोय," रामप्रसाद खुलला. "वेरूळला येणारे लोक इकडं वळवायचे. डोंगराच्या पायथ्याला तंबू टाकायचे, पहाटे सूर्योदय दाखवायचा. काल त्याच पाइपांसाठी संभाजीनगरला गेलो होतो. दिवसभर मुकुंदवाडीत. सातला घरी आलो, तर हा गोंधळ."

पाय धुऊन सत्यशीला सवयीनं देवघराकडं वळली. दाराला कडी आणि कडीला कुलूप.

"उंदीर झालेत," रामप्रसाद मागून घाईनं म्हणाला. "औषध टाकलंय. तू चहा घे आधी."

तिनं चहा उभ्यानंच घेतला. चारला अजून सात तास होते.

२

माथ्यावर तिला केरबाच्या बायकोनं, दगडाबाईनं नेलं. साठीची काटक बाई. रडून डोळे सुजलेले, पण चढणीवर सत्यशीलेला मागं टाकत होती. खाली वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं कोंडलेली होती. त्यांना आज वर सोडायची बंदी होती. त्यांचं ओरडणं अर्ध्या डोंगरापर्यंत पाठ सोडत नव्हतं आणि त्यानं जीव नुसता कासावीस होत होता.

"काल काय काय झालं, सगळं सांगा."

"सकाळी ह्यांनी देव वर आनला. आमी दोघांनी आपापला दगड ठिवला. दिसभर लोक येत-जात व्हते. तिपारी त्यो वेरूळचा दुकानवाला आला, फोटू काढून गेला. मग म्या सारवून घेतलं. सारवण वलं असताना कुनी पाय ठिवत नाय, म्हून पाचला आमी खाली आलो. मेंढरं वाघरीत घालायची येळ व्हती. मोजून घालावी लागत्यात, ताई. रोजचं हाय, साऱ्या गावाला म्हाईत हाय. सातला हे परत वर गेले, तर कोनाडा रिकामा."

माथ्यावर वारा कानात घुसत होता. पत्र्याचा मांडव, दगडी चौथरा, मागं भिंतीत कोनाडा. चौथऱ्यापुढं दगडांची रास. तिचा रिवाज सत्यशीलेला पाठ होता. मुखवटा वर असताना त्याच्यासमोर रिकाम्या हातानं जायचं नाही. प्रत्येकानं आपल्या मातीतला एक दगड न्यायचा. शेतकऱ्यानं स्वतःच्या रानातला, मेंढपाळानं आदल्या मुक्कामाचा. दुसऱ्याच्या रानातला दगड बिरोबाला चालत नाही.

तिनं चौफेर नजर टाकली. दक्षिणेला वेरूळ, घृष्णेश्वराचा लालसर कळस, त्यापलीकडं खुलताबादचे पांढरे घुमट, आणि पार लांब, धुळीत अर्धा बुडालेला देवगिरी. उत्तरेला दरी आणि तिच्यापलीकडं कन्नडच्या बाजूची गौताळ्याची रांग. आज ती ओळखण्यापुरतीच दिसत होती. गाव डोंगराच्या दक्षिण पायथ्याला, त्यामुळं ही बाजू बघायला माथाच गाठावा लागतो.

"कालही अशीच धूळ होती का?"

"दिसभर काय बी दिसत नव्हतं. माझं सारवण झालं अन् वारा फिरला. मग मोकळं झालं."

सत्यशीला खाली वाकली. सारवण वाळून त्यावर बोटांच्या रेषा उमटल्या होत्या. राशीतले सगळे दगड दगडाबाईनं मागं सरकवून ठेवले होते. चौथऱ्याच्या कडेला मात्र एकच दगड वेगळा पडला होता. मुठीएवढा. ती उचलायला गेली, तर हलेना. ओल्या सारवणात ठेवलेला आणि सारवणाबरोबर वाळून घट्ट बसलेला. जोर लावला तेव्हा सुटला आणि खाली गोल खळगा राहिला.

"हा कुणी ठेवला?"

"आमचा नाय. म्या सारवलं तवा नव्हता."

म्हणजे पाचपासून सारवण वाळेपर्यंतच्या तासाभरात कुणीतरी इथं आलं होतं. सत्यशीलेनं दगड उन्हात धरला. काळ्या दगडात हिरवट पांढऱ्या स्फटिकांची पोकळी चमकत होती. एका बाजूला ओल्या मातीचा लेप होता आणि दुसऱ्या बाजूला पन्हळीसारखी सरळ, अर्धगोल खाच.

"असले दगड तर त्यो वेरूळचा दुकानवाला इकतो," दगडाबाई कुजबुजली आणि तिच्या सुजलेल्या डोळ्यांत पहिल्यांदाच आशा दिसली.

३

वेरूळचा दुकानदार सुदर्शन पळून गेला नव्हता. त्याला पळूच दिलं नव्हतं. यात्रेला म्हणून सकाळी आला, तर लोकांनी मोटारसायकलची चावी काढून घेऊन त्याला हॉटेलच्या बाकावर बसवून ठेवला होता. लेण्यांपाशी त्याचं स्फटिकांचं आणि जुन्या भांड्यांचं दुकान होतं. जुन्या चांदीचा शौक असल्याचं तो स्वतःच सगळ्यांना सांगत आला होता. अशा माणसाला देवाच्या मुखवट्याचे फोटो काढायची हौस यावी, याला काय म्हणायचं!

"मॅडम, अपना धंदा इमानदारीचा हाय," तिला बघताच त्यानं सुरू केलं. "फोटो काढला तो शौक म्हणून. ही लोकं खालीपिली पाठी लागलीत."

"काल माथ्यावरून काय काय दिसलं?"

तो बावचळला. "म्हणजे?"

"एवढे फोटो काढलेत. आजूबाजूचेही काढले असतील."

"क्या खाक दिसणार? धुरळा! देवगिरीचा फोटो पाहिजे होता दुकानात लावायला, पण किल्लाच गायब. चारला उतरलो."

त्यानं मोबाइल पुढं केला. पंधरा फोटो, सगळ्यांत राखाडी आभाळ. शेवटचा तीन वाजून पन्नास मिनिटांचा. फोटोत मुखवटा कोनाड्यात हसत होता. पुढं सारवण नव्हतं. चौथऱ्याच्या कडेला तो दगडही नव्हता.

सत्यशीलेनं पदराखालचा दगड त्याच्यापुढं ठेवला. "हा तुमच्या दुकानातला?"

सुदर्शननं तो एकदाच फिरवून पाहिला आणि धंदेवाईक माणसाच्या तोऱ्यात तोंड वाकडं केलं. "छ्या. आमचा माल धुतलेला असतो, हातोडीनं अलगद फोडलेला. हा बघा, माती लागलेली. आणि ही नळी? हे सुरुंगाचं भोक हाय. ड्रिल मारून बार उडवला की दगड असा फुटतो. हा विहिरीतला माल. ताजा."

सत्यशीलेनं दगड झटकन मागं घेतला.  सुदर्शनला तिनं चहा सांगितला, पैसे बाकावर ठेवले आणि स्वतःचा चहा यायच्या आत ती उठून चालू लागली.

४

केरबा वाघरीपाशी उकिडवा बसला होता. पाठीमागं मेंढरं भिंगरीसारखी गोल गोल फिरत होती. खांद्यावर घोंगडी, पागोटं मांडीवर काढून ठेवलेलं. इतक्या वर्षांत तिनं त्याला उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं.

"केरबादादा, शपथ कामून घेत नाही?"

"घेतो की. अर्धी घेतो."

"अर्धी?"

"बेलभंडार उचलून दोन गोष्टी म्हनाव्या लागत्यात, ताई. म्या देव घेतला नाय, ही एक. अन् कुनी घेतला त्ये मला ठाऊक नाय, ही दुसरी. पयली आत्ता म्हनतो. दुसरी मला म्हनता येनार नाय."

वारा एकदम पडल्यासारखा वाटला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे."

केरबानं जमिनीवरची एक लेंडी उचलून चुरगाळली.

"तुम्ही त्याला बघितलंत?"

"डोळ्यानं बघितलं असतं, तर रातीच वरडलो असतो. बघितलं नाय. म्हून नाव बी घेनार नाय. पन म्या दगड बघितला. डोंगराखालच्या समद्या रानांत माझी मेंढरं बसल्यात, ताई. कुनाच्या मातीत कसला दगड निघतो, त्ये मला झोपंत बी सांगता येतं."

"मग बोला की! मान जाईल, वाट जाईल. मेंढरं मरतील."

"लई मोठं घर हाय. माझं ऐकनार कोन?" तो क्षणभर थांबला. "अन् त्या घरातल्या एका बाईनं आमच्या पोरीला शाळंत घातली, वह्या दिल्या, शहरात नोकरीला लावली. तिला माहेर ऱ्हावं, एवढंच माझं म्हननं. माझं काय, गोदाकाठाला जाईन. रान कुटं संपलंय."

सत्यशीला त्याच्याशेजारी मातीत बसली. दगडातल्या त्या सुरुंगाच्या भोकानं जे सांगितलं होतं, ते तिनं हॉटेलपासून इथवर येताना निकरानं मागं ढकललं होतं. आता ते समोर येऊन उभं राहिलं.

५

पावणेतीनला ती माहेरच्या अंगणात उभी होती. कॉम्प्रेसर जेवणासाठी बंद होता. ढिगातला हाताला येईल तो दगड तिनं उचलला. काळा, आत हिरवट पांढरे स्फटिक. दुसरा उचलला. त्याला अर्धगोल खाच. मोजणीच्या सवयीनं तिनं दोन्ही खाचा बोटानं मापल्या. सारख्या भरल्या.

टाकळवाडीत यंदा विहीर एकाच घरानं घेतली होती. आणि त्या विहिरीचा दगड त्या घरच्या माणसाशिवाय कुणी वर नेणार नाही. मजूर आपल्या गावचा नेईल, पाहुणा नेणारच नाही. तंबूंना जी जमीन हवी, तिच्या मधोमध केरबाची वाट जात होती, हे तर मोजणी न करताही दिसत होतं. आणि गाठोड्यातून फडकं काढून दाखवणाराही त्याच घरचा होता.

तरी तिनं एक शेवटची आशा धरली होती. रामप्रसाद शहरात होता म्हणतो. असेलही.

तो ओसरीवर नवा पांढरा सदरा घालून बैठकीची तयारी करत होता. खुशीत होता. "कुठं हिंडतेस उन्हाची? बस ना जरा."

"वर जाऊन आले. धुळीनं काही दिसत नाही. तुझे पाहुणे सूर्योदय कसला बघणार?"

"एक दिवसावरून ठरवू नको, अक्का. काल संध्याकाळी बघायला हवं होतंस. गौताळ्याची रांग अशी निळीशार दिसत होती, एकेक घळ मोजून घ्यावी!"

बोलून झालं आणि त्याचा हात गुंडीवरच थांबला. अंगणातून समोर डोंगराची भिंत उभी होती. तिच्यापलीकडचं गौताळं इथून दिसत नव्हतं, मुकुंदवाडीहून तर नाहीच.

 या माणसाचा पहिला दगड सत्यशीलेला आठवला. सहा वर्षांचा रामप्रसाद, चढून चढून रडकुंडीला आलेला. "रिकाम्या हातानं देवापुढं जायचं नसतं," असं सांगून तिनंच त्याच्या मुठीत दगड दिला होता. काल तो चोरी करायला वर गेला आणि तेव्हाही खिशातून घरचा दगड नेला. मुखवटा उचलण्याआधी ठेवला असेल, कदाचित हात जोडून. न ठेवता त्याचा हात कोनाड्याकडं गेलाच नसता. चोराला ही गोष्ट अडचणीची आहे, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नसेल. तिला त्याचा संताप आला आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं.

"रामू," ती म्हणाली, "चारच्या आत काही सांगायचं असेल तर सांग."

"काय सांगायचं?" तो गुंडी लावत म्हणाला. पण तिच्याकडं न बघता.

६

पारावर पंचांतले म्हातारे रामकिसन तबक घेऊन बसले होते. तबकात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा. गाव जमलं होतं. केरबा आणि दगडाबाई एका कडेला उभे होते, सुदर्शनही माना उंच करणाऱ्यांत होता.

"केरबा, शेवटचं इचारतो," रामकिसन म्हणाले. "उचलतो का?"

केरबानं नाही म्हणून मान हलवली. गर्दीत कुजबुज वाढली. "संपलं मग," रामप्रसाद उठला. "मान काढून घ्यावा असं माझं—"

"थांब," सत्यशीला पुढं आली.  तिनं दगड तबकाशेजारी ठेवला आणि मोजणीचा पंचनामा वाचावा तसं एकेक सांगत गेली. सारवण कधी झालं, दगड त्यात ओला असताना कसा रुतला. सुदर्शनच्या फोटोत सारवण नाही आणि दगडही नाही, म्हणजे तो आधीच उतरलेला. केरबानं आणि दगडाबाईनं त्यांचे दगड सकाळीच ठेवले होते. रात्री धावत वर गेलेल्यांपुढं मुखवटाच नव्हता, ते दगड कशाला नेतील? आणि मुखवटा असताना दगड नेल्यावाचून पुढं जात नाही, तो माणूस बाहेरचा नाही.

"सुरुंगाचा दगड आहे हा. विहिरीचा. कुणाच्या विहिरीचा, ते मी सांगणार नाही. केरबानंही सांगितलं नाही. त्याला ते ठाऊक होतं, म्हणून तो शपथ घेत नव्हता. मी फक्त एक मागते. सरपंचांनी उचलावा बेलभंडार."

गर्दीतल्या माना सरपंचाकडं वळल्या.

रामप्रसाद हसायला गेला. "अक्का, हे काय..." मग कुणी हसत नाही असं पाहून तो तबकाकडं आला. हात पुढं केला. भंडाऱ्याच्या चार बोटं वर तो हात थांबला.  रामकिसन त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. मग हात मागं आला.

"घेऊन ये," सत्यशीला म्हणाली. "देवघरातून."

तो गेला. कुणी त्याच्यामागं गेलं नाही. दहा मिनिटांनी तो मुखवटा दोन्ही हातांत धरून अनवाणी आला. मुखवट्याच्या कपाळावर ताजं गंध होतं, कानामागं मोगऱ्याची फुलं आणि ओठांना गुळाचा नैवेद्य चिकटलेला. चोरलेला देव त्यानं एक वेळसुद्धा उपाशी ठेवला नव्हता.

त्यानं मुखवटा केरबाच्या हातात दिला. केरबानं आधी पागोटं बांधलं, मग देव डोक्यावर घेतला. "सरपंच," तो म्हणाला, "ऊन कलतंय. पाय उचला, वर जायला उशीर व्हईल." रामप्रसाद मात्र गेला नाही. बहिणीजवळून जाताना तो थांबला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "तू मला एकट्याला सांगितलं असतंस, तर?"

"सांगितलं होतं, रामू. तीन वाजता."

तो घराकडं निघून गेला.

यात्रा वाजतगाजत चढणीला लागली. सत्यशीला मागं राहिली. ती घरी पोचली तेव्हा दार लावलेलं होतं आणि तिची बॅग ओसरीच्या बाहेर, पायरीवर ठेवलेली. भावजयीनं वर पाण्याची बाटलीही ठेवली होती, भरून. सत्यशीलेनं एकदा कडीला हात लावला, पण वाजवली नाही. शेवटची एस.टी. साडेपाचला गेली असणार. ती पायरीवर बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली.

किती वेळानं कोण जाणे, कुणीतरी बॅग उचलली. दगडाबाई होती. तिनं बॅग डोक्यावर ठेवली आणि बाटली काखेत मारली.

"तुम्ही वर गेला नाहीत?"

"मेंढरं कोन मोजनार? ह्ये तर देव घेऊन बसल्यात वर," दगडाबाई म्हणाली. "चला. भाकरी थापायच्यात. वाघरीशेजारी झोपायचं म्हंजी मेंढरं रातभर खोकत्यात, आधीच सांगते."

दगडाबाई चालू लागली. सत्यशीला डोळे पुसून उठली आणि तिच्या मागोमाग निघाली.